तीन पायांचा स्विच

नाही, पण मी म्हणतो, डायोड लावायचा असतो हे आधी सांगायला माणसाची जीभ झिजते का? ट्रान्झिस्टर जळून गेला, घरभर तो वास सुटला, हॉर्न बंद होईना, शेजारच्या काकू कानात बोटं घालून दारात उभ्या... आणि एवढं सगळं झाल्यावर हा फोनवर म्हणतो कसा, "अहो, डायोड नाही लावलात? तो तर गृहीतच असतो." गृहीत! तुम्हाला सांगतो, मी ड्रायव्हिंग शिकवतो, अर्धं आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून काढलंय, पण मी कधी काही गृहीत धरत नाही. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी सांगतो, हा क्लच, हा ब्रेक, हा अ‍ॅक्सिलरेटर, आणि दार लावून घ्या. हो, दारसुद्धा सांगतो! कारण एक गृहस्थ उघड्या दारानं थेट चौकापर्यंत गेले होते आणि वर मलाच म्हणाले, तुम्ही कुठे बोललात दाराचं?

आणि हा आमचा मेहुणा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, मोठ्या कंपनीत आहे, आता हाताखाली इतकी माणसं आहेत की स्वतः स्क्रू पिळायची वेळच येत नाही त्याच्यावर, दिवसभर मीटिंगा. पण काहीही विचारा, तोंडात वाक्य एकच. "साधा स्विच आहे, भावोजी. दहा मिनिटांचं काम." त्याची ती दहा मिनिटं मी महिनाभर भोगतोय.

थांबा, असं मधूनच नको, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस घरात गाडीचा हॉर्न कशाला लावत बसला होता.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात फोरमन होते. छपाईची मशिनं सुरू झाली की तिथे माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण अण्णा या टोकाकडून ओरडले की त्या टोकाच्या माणसाचा हात थांबायचा. घरीही तोच आवाज. आम्हा भावंडांना त्यांनी कधी दोनदा हाक मारली नाही, गरजच पडली नाही हो! पहिल्या हाकेलाच आम्ही हजर, तोंडातला घास तोंडात घेऊन. तर गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाज गेला. समजतं सगळं, डोळे असे फिरतात की आपण काय चुकतोय ते आपल्याला बरोबर कळावं, पण तोंडातून शब्द नाही. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, त्या म्हणतात बोलणं येईल परत, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. जोर नाही, नुसती हलतात.

जिना चढता येत नाही म्हणून अण्णा खालच्या खोलीत, आम्ही वर. रात्री मी खालीच झोपतो, तेव्हा रात्रीचा प्रश्न नाही. प्रश्न दिवसाचा. ही वर शिवणकाम करते, मशिनचा खडखडाट अखंड, मी कुठल्यातरी शिकाऊ माणसाबरोबर रस्त्यावर, नाहीतर जेवून वर आडवा झालेलो. आणि एका दुपारी अण्णा पलंगावरून घसरले. ही चहा घेऊन खाली गेली तर ते फरशीवर, पलंगाला पाठ टेकलेली, डोळे टक्क उघडे. कधी घसरले, किती वेळ तसेच बसून होते, कळायला काही मार्गच नाही. लागलं नव्हतं कुठे, तेवढं नशीब. पण त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे बघणंच सोडलं. भरवलं की घास घ्यायचे, कूस बदलून दिली की वळायचे, आणि तोंड भिंतीकडे. मला सांगा, ज्या माणसाच्या एका हाकेवर अख्खा छापखाना थांबायचा, त्याला स्वतःच्या घरात हाक मारता येऊ नये? मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, यांना हाक मारता आली पाहिजे.

आधी बाजारातली बिनतारी बेल आणली. तिचं बटण इतकं घट्ट की मलाच अंगठा लावून दाबावं लागे, अण्णांचं बोट नुसतं त्यावरून घसरायचं. आणि आवाज काय, तर टिंगटाँग. हिच्या मशिनपुढे टिंगटाँगचं काय चालणार? मग मला सुचलं. शिकवणीची जुनी गाडी भंगारात दिली तेव्हा तिचा हॉर्न मी काढून ठेवला होता. शिकाऊ लोकांच्या गाडीचा हॉर्न, म्हणजे बघा किती वाजवलेला असेल, तरी खणखणीत! एक जादा बॅटरीही होती. बटण मी घरीच केलं. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून दोन पट्ट्या काढल्या, लाकडाच्या तुकड्यावर शेजारी शेजारी, अगदी खेटून बसवल्या, आणि वर त्याच पत्र्याची एक पातळ झडप. झडप जराशी दाबली की दोन्ही पट्ट्यांना लागणार, बॅटरीचा करंट हॉर्नला मिळणार, हॉर्न वाजणार. यात अवघड ते काय?

अण्णांच्या उशाशी सगळं मांडलं आणि स्वतःच झडप दाबून बघितली. ठिणगी उडाली, हॉर्न वाजला, मी बोट काढलं... हॉर्न चालूच! झडप पट्ट्यांना चिकटून बसली होती, वेल्डिंग केल्यासारखी. एवढीशी खोली, चार भिंती आणि आत गाडीचा हॉर्न! ही मशिनवरून उठून धावत खाली आली, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे ओरडता येईना, नुसते हातवारे. मी बॅटरीची वायर हिसकून काढली. मग तिनं एकेक टाचणी तोंडातून काढली, आणि त्यानंतर ती जे बोलली ते मी तुम्हाला सांगत नाही. सारांश इतकाच की अण्णांच्या जवळ पुन्हा ठिणगी दिसली तर बॅटरीबरोबर मीही घराबाहेर.

म्हणून मेहुण्याला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि मला एखाद्या मीटिंगमध्ये समजावतात तसं समजावलं. हॉर्नला करंट लागतो भरपूर, तेवढा तुमच्या नाजूक पत्र्याला झेपत नाही, म्हणून तो चिकटतो. मध्ये एक ट्रान्झिस्टर घाला. त्याला तीन पाय असतात. कलेक्टर आणि एमिटर या दोन पायांतून हॉर्नचा मोठा करंट जाईल, आणि तिसरा पाय बेस, त्याला तुमच्या पट्टीतून नुसता इशारा मिळाला की झालं. इशारा कणभर, काम मणभर. मला हे चटकन पटलं. का नाही पटणार? आमच्या घरात वर्षानुवर्षं हेच चाललंय, ही नुसती भुवई उचलते आणि मी कपाट उचलतो.

आमचा गॅरेजवाला म्हणाला होता, कशाला नादी लागता, एक रिले टाका, गाडीत असते तशी, छोट्या करंटनं मोठा स्विच ओढणारी. पण मेहुण्याला ते ऐकवेना, रिले म्हणे टकटक करणारा डबा, जुना जमाना. "साधा स्विच आहे, भावोजी. दहा मिनिटांचं काम." बरं बाबा, म्हटलं.

गेलो सुट्या भागांच्या दुकानात. अरुंद दुकान, भिंतभर छोटे छोटे खण, आणि गल्ल्यावर मालक, चष्मा कपाळावर. म्हटलं, ट्रान्झिस्टर द्या. तो म्हणाला, कुठला. मी म्हटलं, चांगला. त्यानं एक मोठा श्वास घेतला, आणि सुरू झालं, किती व्होल्ट, किती अँपिअर, लोड काय. म्हटलं, लोड गाडीचा हॉर्न.

"गाडी कुठली?"

"गाडी नाहीये."

"मग हॉर्न कुणाला लावताय?"

"वडिलांना."

तेव्हा त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा कुठे माणूस नीट बोलायला लागला. मग त्यानं तो तीन पायांचा काळा किडा पुडीत बांधून दिला, बोटाच्या पेराएवढा, वर पाठीला पत्र्याचं पान. कुठला पाय कुठला तेही कागदावर काढून दिलं.

घरी येऊन जोडला. वरच्या खोलीत हां, खाली नाही, मला घरात राहायचं होतं. झडप दाबली की बॅटरी थेट बेसला. दाबली. फट्! एवढासा आवाज, एक धुराची रेघ, खेळ खलास. मेहुण्याला फोन. तर म्हणतो, बेसच्या आधी रेझिस्टर नाही घातलात? बॅटरी थेट बेसला? अहो, त्याला नुसता इशारा द्यायचा होता, तुम्ही थोबाडीत दिलीत. म्हटलं, तू रेझिस्टर बोलला नाहीस. तो म्हणाला, ते काय सांगायचं... साधा स्विच आहे, भावोजी.

पुन्हा दुकान. दुकानदारानं दुसरा किडा दिला आणि करंट अडवायला रेझिस्टर दिला हजार ओहमचा. आता इथे माझं डोकं चाललं. एकदा पोळलेलो ना मी! म्हटलं, हजार कशाला, चांगला मोठा द्या, जेवढा करंट कमी तेवढं सुरक्षित. तो म्हणाला, फार मोठा नको. मी म्हटलं, द्या हो, आम्ही हळू जाणारी माणसं. लोकांना तेच शिकवतो मी दिवसभर, हळू, हळू सोडा, हळू दाबा. त्यानं खांदे उडवले आणि दिला.

जोडला, झडप दाबली, आणि हॉर्न वाजला, तुम्हाला सांगतो, म्हशीला सर्दी झाल्यावर ती कशी आवाज काढेल, तसा. घुर्रर्र... मी दाबून धरली, म्हटलं जरा गरम झाला की सुटेल आवाज मोकळा. गरम झाला, पण हॉर्न नाही, ट्रान्झिस्टर! बोट लावून बघितलं तर हा एवढा फोड आला, आणि थोड्या वेळानं तो ट्रान्झिस्टरही गेला. मेहुणा म्हणाला, अहो, तुम्ही त्याला अर्धवट चालू ठेवलात, ट्रान्झिस्टरचा स्विच करायचा तर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधे ठेवला की सगळी उष्णता त्याच्याच अंगात. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाफ क्लच! क्लच अर्धा दाबून गाडी रखडवत ठेवली की क्लचप्लेट जळते, हे मी रोज घसा फोडून लोकांना सांगतो! पाय एक तर ठेवा नाहीतर काढा, मधे लोंबकळू नका! आणि घरी येऊन मी त्या बिचाऱ्या किड्याला हाफ क्लचवर मारला. त्याची मात्र मला मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या वेळी मुकाट्यानं हजार ओहमचा रेझिस्टर घातला. दाबली झडप. अहाहा! काय वाजला हॉर्न, मोकळा, भरघोस, वरून रस्त्यावर ऐकू गेला, खाली एक माणूस आपोआप बाजूला झाला. ठिणगी नाही, पत्रा गार, सगळं व्यवस्थित. मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे बघितलं. पाच-सहा वेळा वाजवला. आणि एकदा बोट काढलं तर हॉर्न थांबेचना... ते मी सुरुवातीला सांगितलंच. वास, काकू, कानात बोटं, डायोड, गृहीत.

काय असतं, हॉर्नच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्यातला करंट एकदम तोडला की ते उलटा झटका मारतं. चालत्या गाडीला कच्चकन ब्रेक लावला की मागच्या सीटवरची पिशवी येऊन आपल्या डोक्यात बसते ना, तसा. तो झटका बसतो ट्रान्झिस्टरला, आणि त्याचं दार कायमचं उघडं राहतं. हॉर्नला समांतर एक डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा तुकडा, उलटा लावला की झटका मागच्या मागे जिरतो. दीड पैशाची वस्तू! आणि हे जगातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, मी सोडून.

चौथ्या वेळी दुकानदारालाच माझी दया आली. त्यानं वेगळाच ट्रान्झिस्टर दिला, म्हणाला, यात आत दोन आहेत, एकामागे एक, पहिला दुसऱ्याला इशारा देतो, त्यामुळे याला अगदी थेंबभर करंट पुरतो. जोडला, डायोड लावला, दोन दिवस वर वाजवून बघितला, काकूंची माफी मागितली, आणि मग हिच्या परवानगीनं खाली अण्णांच्या डाव्या हाताशी ती बटणाची लाकडी पट्टी बांधली. हॉर्न जिन्यात टांगला. अण्णांना म्हटलं, अण्णा, ही झडप दाबायची, मी येतो. ते भिंतीकडे बघत होते. दाबली नाही. मी त्यांचं बोट धरून झडपेवर ठेवलं, तर ते आपलं ठेवल्या जागी पडून राहिलं. तेवढा जोरच नव्हता हो त्या बोटात, पातळ पत्रा वाकवण्याएवढासुद्धा. मला इतकं वाईट वाटलं! एवढा उपद्व्याप केला आणि शेवटी अडलं कुठे, तर पत्र्यात. म्हटलं, उद्या आणखी पातळ पत्रा शोधू, आणि दुपारचा वर जाऊन पडलो.

जरा डोळा लागतोय तोच घुर्रर्र... पुन्हा तीच सर्दी झालेली म्हैस! खाली गेलो तर अण्णा पडलेले, हात पट्टीवर, झडप आपली वरच्या वर, दाबलेली नाही. आणि हॉर्न घुरघुरतोय. म्हटलं, खोटा वाजतोय. वायर काढली, पट्ट्या पुसल्या, परत जोडली, गप्प झाला. अण्णांना म्हटलं, झोपा तुम्ही, बिघाड आहे. वर जाऊन टेकतोय तर पुन्हा घुर्रर्र. पुन्हा खाली. पुन्हा तेच, पुन्हा वायर, पुन्हा पुसापुशी. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी इतका वैतागलो होतो की बॅटरीच काढून ठेवली. म्हटलं, अण्णा, आता नाही वाजायचा, शांत पडा. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तसाच दुकानात. दुकानदार ऐकून म्हणाला, सोपं आहे, बेस असा मोकळा सोडायचा नसतो. मोकळ्या बेसला कुठूनही काहीबाही करंट मिळतो आणि तो अर्धवट चालू होतो. बेस आणि एमिटरच्या मधे हा रेझिस्टर टाका, असले फालतू इशारे त्यातून जिरून जातील, झडप नीट दाबल्याशिवाय हूं की चूं करणार नाही. मेहुण्यालाही विचारून घेतलं, आता मी कुणावर विश्वास ठेवतो की काय! तो म्हणाला, बरोबर सांगतोय तो, घालायलाच हवा होता, ते तर...

पुढचा शब्द मी ऐकला नाही, फोन ठेवला.

घरी आलो, खाली अण्णांच्या खोलीतच बसलो, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं, खात्री करायला बॅटरी जोडली. जोडल्याबरोबर घुर्रर्र. म्हटलं, वाज बेट्या, तुझा आता बंदोबस्तच करतो. रेझिस्टरचे पाय वाकवले, आयर्न हातात घेतलं. ही तयार कपडे हातावर घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "थांबा. त्यांचं बोट बघा."

मी बघितलं. अण्णांनी झडप दाबलीच नव्हती. त्यांनी बोट झडपेच्या खालून, बाजूनं आत सरकवलं होतं आणि त्या दोन पट्ट्यांवर नुसतं ठेवलं होतं. दाबलं नव्हतं, ठेवलं होतं. त्यांनी बोट उचललं. हॉर्न गप्प. बोट ठेवलं. घुर्रर्र. आणि तोंड भिंतीकडे नव्हतं, सरळ माझ्याकडे.

म्हटलं, अण्णा, तुम्ही वाजवताय? घुर्रर्र. म्हटलं, मघापासून तुम्हीच? घुर्रर्र.

मग त्यांनी डोळे खिडकीकडे नेले. काय हवं होतं, माहितीये? खिडकीचा पडदा सरकला होता आणि दुपारचं ऊन बरोबर त्यांच्या तोंडावर येत होतं. एवढंच. पडदा ओढायला त्यांनी मला तीन हाका मारल्या आणि मी तिन्ही वेळा आलो, वायर उपसली, झोपा म्हणालो आणि गेलो. माणूस हाक मारतोय आणि मी हाक दुरुस्त करतोय! आणि हातातला तो रेझिस्टर घातला असता ना, तर सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं असतं आणि अण्णा कायमचे गप्प झाले असते. मी आयर्न खाली ठेवलं, पडदा ओढला आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. डोळ्यांत पाणी आलं. सोल्डरचा धूर वगैरे काही नाही, पाणीच आलं.

मेहुण्याला सांगितलं तर तो फोनवर गप्प. मला वाटलं मीटिंगमध्ये गेला. मग म्हणाला, अंगाला घाम असतो भावोजी, कातडीतून केसाएवढा करंट जातो, तो तुमच्या जोडट्रान्झिस्टरला पुरतोय, पण जेमतेम, म्हणून घुरघुरतोय आणि जळणारही तो लवकरच. त्याच्या आधी आणखी एक छोटा ट्रान्झिस्टर लागेल. आणि म्हणाला, "हा साधा स्विच नाही राहिला. मी येतो."

आला की नाही सुट्टीच्या दिवशी! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फरशीवर बसला. सकाळी बसला तो दिवे लागेपर्यंत. स्वतःच्या अंगठ्यावर फोड आणला, दोन ट्रान्झिस्टर घालवले, चष्म्याच्या काचेवर सोल्डर उडवलं. झडप काढून टाकली, नुसत्या दोन पट्ट्या ठेवल्या, करंट कमी राहावा म्हणून बोटाच्या वाटेवर एक मोठा रेझिस्टर घातला, आणि अण्णांच्या आधी हिनं माझं बोट लावून बघितलं. मुंगी चावल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. आणि संध्याकाळी सगळं जुळवून त्यानं मोठ्या ऐटीत हॉर्न वाजवला, बोट काढलं, आणि हॉर्न थांबेचना! तो हादरून बघतोय, मी वायर काढली. भाऊरायांनी दुसरा ट्रान्झिस्टर बसवताना डायोड काढून बाजूला ठेवला होता, तो परत लावलाच नव्हता. मी नुसतं म्हटलं, गृहीत असेल.

पण झालं एकदाचं. अण्णांनी बोट टेकवलं की हॉर्न पूर्ण आवाजात, उचललं की गप्प. अर्धवट नाही, घुरघुर नाही. मेहुणा जेवून गेला, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, दुसऱ्या दिवशी मी शिकवणीवरून येऊन वर पंख्याखाली बसलो आणि हॉर्न वाजला. पहिली खरी हाक! मी अनवाणी धावलो, ही माझ्या मागे टाचण्यांसकट. खाली जाऊन बघतो तर अण्णा ठणठणीत. पाणी? नको. पडदा? नाही. कूस? नाही. त्यांनी समोरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. मी किती वेळात आलो ते बघत होते हो! आणि चेहऱ्यावरून कळलं, पसंत पडलं नव्हतं.

तेव्हापासून हेच. जेवायला बसलो की हॉर्न. आंघोळीला गेलो की हॉर्न. दहा वेळा जावं तर एकदा खरंच काही हवं असतं, बाकी नऊ वेळा घड्याळ. काकूंनी आता तक्रार करणं सोडलंय, त्या म्हणतात आम्हाला सवय झाली. व्यायामाच्या बाई खूश, बोटांना चांगला सराव आहे म्हणतात. अण्णांचं तोंड आता दिवसभर दाराकडे असतं, खुणेनं घास मागून घेतात, हिच्या शिवणीकडे बघून नापसंती दाखवतात, एकूण माणूस परत आलाय. मला आनंद आहे, खरंच आहे. पण माझे गुडघे? वर-खाली, वर-खाली, गाडीत बसून आयुष्य गेलेला माणूस मी!

शेवटी परवा मी त्यांच्यापुढे खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, अण्णा, रागावू नका, पण खरंच काही झालंय म्हणून वाजवताय की आमची परीक्षा चाललीय, हे मला वर बसून कसं कळायचं? काहीतरी खूण ठेवा. दोनदा वाजवलं तर खरं, एकदा वाजवलं तर उगीच, असं काहीतरी. ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलायला लागले. गळ्याच्या शिरा ताणल्या. मी म्हटलं, राहू द्या, राहू द्या, आणि तेवढ्यात त्यांचा आवाज आला. फाटका, घोगरा, पण त्यांचाच.

"तू... यायचं."

वर्षभरात पहिला शब्द! मी ओरडून हिला बोलावलं, मेहुण्याला फोन लावला, बाईंना लावला, मला हसू की रडू काही कळेना. अण्णांचा हात धरला, म्हटलं, येईन अण्णा, दर वेळी येईन, पण आता आणखी एक शब्द बोला, कुठलाही, काहीतरी बोला ना! अण्णांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं, हात सोडवून घेतला, आणि बोट पट्टीवर ठेवलं. हॉर्न! मी समोर बसलेलो असताना!

मग काय करता? उठलो, खोलीबाहेर गेलो, जिना चढलो, आणि परत खाली आलो.